आधी स्थिरावा, मग टिपा

दिवाळी उलटली की मालवण, तारकर्ली, देवबागच्या रस्त्यांवर फलक झळकू लागतात : ‘स्कुबा डायव्हिंग, फोटो-व्हिडिओ मोफत’. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून गाड्या भरभरून माणसं येतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर बुडी मारतात आणि मोबाइलमध्ये दोन मिनिटांची चित्रफीत घेऊन परततात. यात वाईट काही नाही. जन्मभर समुद्र वरून पाहण्यापेक्षा एकदा खाली डोकावलेलं केव्हाही बरं. यांच्या जोडीला आता दुसरा वर्गही वाढतो आहे. रीतसर कोर्स केलेले, स्वतःचा अ‍ॅक्शन कॅमेरा किंवा वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट घेऊन उतरणारे हौशी लोक.

हे आवाहन दोघांनाही आहे आणि त्यात मुद्दा एकच आहे. पाण्याखालचा चांगला फोटो महागड्या कॅमेऱ्यापेक्षा स्थिर शरीराला मिळतो. ज्याला पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नाही, त्याचा फोटो तर बिघडतोच, शिवाय त्याची हौस खडकावरच्या जिवांना महागात पडते.

खाली नेमकं काय आहे?

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. तटाच्या बाहेर पाण्याखालीही खडकच खडक आहेत. त्यांच्या कपारींत गोबरा आणि तांबोशी हे मासे दडतात, वरच्या अंगाला पट्ट्यापट्ट्यांच्या सार्जंट मेजर माशांचे थवे फिरतात. खडकावर कालवं, स्पंज, समुद्रफुलं आणि प्रवाळ अशी दाट वस्ती असते. पोस्टरवर दिसतो तसा हा निळ्या पाण्यातला फांद्याफांद्यांचा प्रवाळ नाही. इथला बराचसा प्रवाळ गड्ड्यासारखा, खडकाला चिकटून वाढणारा, रंगाने तपकिरी किंवा हिरवट असतो. नवखा माणूस त्याला दगड समजतो आणि आधाराला हात टेकतो, नाहीतर चक्क त्याच्यावर उभा राहतो.

त्या ‘दगडा’वर जिवंत पेशींचा अगदी पातळ थर असतो. पोरायटिस जातीचे गड्डे साधारण वर्षाला एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वीतभर वर आलेला गड्डा पंधरा-वीस वर्षांचा. पायातल्या फिनचा एक फटका, लोंबकळणाऱ्या हवेच्या गेजचा एक धक्का त्याचा थर खरवडायला पुरतो. तळाची माती उडाली तर ती प्रवाळावर बसून त्याचा उजेड अडवते. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न बनवतात आणि प्रवाळ त्यावर जगतो, त्यामुळे उजेड गेला की तोही अडचणीत येतो.

मालवणच्या या भागाला १९८७ सालीच सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आहेत. कायद्याच्या नजरेत त्यांचं स्थान वाघाच्या बरोबरीचं आहे. म्हणून प्रवाळाचा मेलेला, तुटलेला तुकडाही आठवण म्हणून खिशात घालू नका. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळाची मोडतोड कशी होते, यावर २०२० साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा ‘आमच्या एकट्याने काय बिघडणार’ हे म्हणायची सोय आता उरलेली नाही. मोसमात रोज त्याच दोन-चार खडकांवर शेकडो एकटे उतरतात.

पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना

तुम्ही पॅकेज घेऊन अर्ध्या तासासाठी जाणार असाल, पोहताही येत नसेल, तरी हरकत नाही. मार्गदर्शक तुमचा सिलिंडर धरून तुम्हाला नेतो. अशा नवख्याला १२ मीटरच्या खाली न्यायचं नाही, असा पॅडीसारख्या प्रशिक्षण संस्थांचा दंडक आहे. एका मार्गदर्शकामागे किती माणसं, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गरोदरपण यातलं काहीही असलं तर लपवू नका. सर्दी असेल तर उतरू नका. बंद नाकाने कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होते. खाली जाताना कान दुखायची वाट न पाहता नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारत राहा. रात्री दारू आणि सकाळी डायव्हिंग हा बेत तर कुणीच आखू नये.

कॅमेरा मात्र स्वतः नेऊ नका. मोबाइल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून तर मुळीच नाही. तुमचे दोन हात आणि दोन डोळे त्या अर्ध्या तासात श्वास घेण्यासाठी, कान मोकळे करण्यासाठी आणि मार्गदर्शकाच्या खुणा पाहण्यासाठी लागणार आहेत. चित्रीकरण त्याच्याकडेच राहू द्या.

त्याला एक गोष्ट मात्र आधीच सांगा. पर्यटकाच्या व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटं सोडण्याची सवय पडली आहे. दोष एकट्या मार्गदर्शकाला देता येणार नाही. ‘मासे दिसलेच नाहीत’ म्हणून वर आल्यावर कटकट करणारे आपणच असतो. मैद्याचा पाव हे माशांचं अन्न नाही. शेवाळ खाऊन खडक साफ ठेवणारे मासे आपलं काम सोडून सिलिंडरच्या आवाजामागे धावू लागतात, आणि दांडगे मासे गर्दी करून लहानांना हुसकावतात. पाव टाकून काढलेल्या फोटोत माशाचं जगणं दिसत नाही, पावाभोवतीची झुंबड दिसते. म्हणून होडीत बसतानाच सांगा, ‘भाऊ, पाव टाकू नका. मासे कमी दिसले तरी आमची तक्रार नाही.’ गिऱ्हाइकाने स्वतःहून असं म्हटलं, तर ती सवय मोडायला वेळ लागणार नाही. अनेक मार्गदर्शक मच्छीमारांच्या घरातले आहेत. ज्या पाण्यावर वडिलांची रापण चालली त्याच पाण्यावर मुलाचं पर्यटन चालतं, आणि खडक मेला तर दोन्ही धंदे बसतात, हे त्यांना आपण शिकवायला नको.

कोर्स केलेल्यांना

ओपन वॉटरचा दाखला हातात आला म्हणजे १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी मिळाली. त्यात कॅमेरा सांभाळण्याची तयारी आपोआप येत नाही. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, शिकण्यासाठी खास खोल तलाव आहे. तिथे किंवा आणखी कुठे शिका, पण दाखला मिळाल्यावर पुढच्या दहा-पंधरा डाईव्ह रिकाम्या हातांनी करा.

तयारी झाली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. परतताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतो, तेव्हा दोर न धरता, हात न हलवता राहून पाहा. वर-खाली हाताभरापेक्षा जास्त सरकलात तर कॅमेरा अजून होडीतच ठेवा. शरीर आडवं ठेवून फक्त श्वासाच्या लयीवर तरंगायला जमलं पाहिजे. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. कमरेचं वजन गरजेपेक्षा जास्त असेल तर जॅकेटमध्ये सारखी हवा भरावी लागते आणि पाय तळाकडे झुकतात. म्हणून मोसमातल्या पहिल्या डाईव्हला वजन नव्याने तपासा. सायकलसारखे पाय मारणं सोडा, बेडकासारखी आडवी किक शिका. तिने तळाची माती उडत नाही. गेज आणि जादा रेग्युलेटर क्लिपने छातीशी अडकवा.

कॅमेऱ्यासोबत तीन धोके उतरतात, आणि तिन्हींचं मूळ एकच आहे : लक्ष पडद्यावर खिळतं.

पहिला धोका श्वासाचा. बुडबुड्यांनी मासा बुजतो, हात हलतो, म्हणून फोटो काढणारे नकळत श्वास रोखतात. स्कुबातला पहिला नियमच हा, की श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट जागा मागते, आणि कोंडलेली असेल तर फुप्फुस फाडते. श्वास रोखला की शरीर आपोआप वर सरकू लागतं, म्हणजे चूक आणि शिक्षा एकत्रच सुरू होतात. त्यापेक्षा सावकाश, लांबवून श्वास सोडायला शिका आणि त्या सोडण्याच्या काळात बटण दाबा.

दुसरा धोका हवा संपण्याचा. २०० बारचा सिलिंडर नादात कधी ७० वर येतो कळत नाही. तीन-चार फोटो झाले की गेज पाहायचा, अशी सवय लावून घ्या. ५० बार हवा उरलेली असताना तुम्ही होडीपाशी असायला हवं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जलद वर यायचं नाही हे धरून हिशेब करा.

तिसरा धोका जोडीदार हरवण्याचा. मालवणच्या गढूळ पाण्यात चार मीटरवरचा माणूसही दिसेनासा होतो. फोटोवाल्याचा जोडीदार शक्यतो फोटोवाला नसावा. दोघेही कॅमेऱ्यात डोकं घालून बसले तर जोडी कागदावरच राहते. जोडीदार तुमच्यासाठी ताटकळतो आहे, त्याला कंटाळा येतो आहे, हेही ध्यानात असू द्या. एका खडकावर तुम्ही, पुढचा खडक त्याच्या मनाने, असं आधीच ठरवून उतरा.

पाणी, उजेड आणि तिथी

खाली गेल्यावर पहिला अपेक्षाभंग रंगांचा होतो. पाणी लाल रंग आधी शोषतं. पाचेक मीटरवर तो जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. उजेडाला पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि तिथून भिंगापर्यंत असा दुहेरी प्रवास करावा लागतो, म्हणून दोन मीटरवरून टिपलेला लाल स्पंज शेणी रंगाचा दिसतो. त्यात आपलं पाणी हिरवं. नद्यांचा गाळ आणि सूक्ष्म प्लवक यांनी ते भरलेलं असतं. बाजारात मिळणारे लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी बनवलेले असतात. हिरव्या पाण्यात किरमिजी छटेचा फिल्टर जास्त उपयोगी पडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे आपला उजेड सोबत नेणं.

पण तो उजेड समोरून मारू नका. कॅमेऱ्यातला फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे मधला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. वेगळा स्ट्रोब किंवा टॉर्च असेल तर तो भिंगापासून लांब, बाजूला धरा आणि किंचित बाहेरच्या दिशेला वळवा. झोताची कड माशावर पडली की पुरे. फक्त आतला फ्लॅश असेल तर दूरच्या फोटोला तो बंदच ठेवा.

यावरून मालवणसाठीचा सगळ्यात मोठा सल्ला निघतो : गढूळ पाण्यात मोठं चित्र शोधू नका, लहान जीव शोधा. तुमच्या आणि विषयाच्या मधलं पाणी जितकं कमी, तितके रंग खरे आणि रेषा स्वच्छ. मास्कमधून वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, त्यामुळे ‘आलो जवळ’ असं वाटतं तेव्हाही आपण लांबच असतो. हातभर अंतरावर या. झूम वापरू नका; झूम पाणी कमी करत नाही. किल्ल्याच्या तटाएवढा पूर्ण खडक फ्रेममध्ये बसवण्याच्या नादात पदरी हिरवा धूर पडतो. त्याच खडकावरचा नखाएवढा रंगीत न्यूडीब्रँक (समुद्री गोगलगाय), कपारीतला खेकडा, बिळातून डोकं काढणारा ब्लेनी मासा यांचा फोटो गढूळ दिवशीही लख्ख येतो. वरून खाली कॅमेरा रोखला तर मासा खडकात मिसळून जातो. त्याच्या डोळ्याच्या पातळीला या, फोकस डोळ्यावर ठेवा.

दिवसही निवडून जा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाण्याची ओढ जास्त आणि गाळही जास्त. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती त्या मानाने शांत. सुट्टी सोयीची असेल ती घ्याल, पण जमेल तेव्हा पंचांगाकडेही एक नजर टाका. भरती टिपेला पोचते तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, आणि ओहोटी लागली की खाडीचं गढूळ पाणी बाहेर निघतं. नेमकी वेळ होडीवाल्याला विचारा. या बाबतीत त्याचा अंदाज मोबाइलमधल्या अ‍ॅपपेक्षा बरा असतो.

समोरचा जीव काय सांगतो?

मासा टिपायचा असेल तर त्याचा पाठलाग करू नका. पळणाऱ्याची फक्त शेपूट मिळते. त्याच्या वाटेवर, खडकापासून हातभर अंतर राखून, आडवे तरंगत थांबा. बहुतेक खडकाळ मासे आपल्या ठरावीक हद्दीत फिरत असतात, आणि थोड्या वेळाने परत त्याच कपारीपाशी येतात. तुम्ही धोकादायक नाही हे त्यांना पटलं की ते खाणं-पिणं, भांडणं पुन्हा सुरू करतात. फोटो तिथे आहे.

नकाराच्या खुणा ओळखा. खडकावर जांभळट-लाल रंगाचा ठिपक्याठिपक्यांचा डाग दिसला आणि एखादा सार्जंट मेजर तुमच्या मास्कवर धावून येऊ लागला, तर तो नर आहे आणि ती त्याची अंडी आहेत. एक फोटो लांबून घ्या आणि निघा. तुमच्याशी झुंजण्यात त्याचं लक्ष गेलं की भोवती टपलेले मासे अंडी फस्त करतात. ऑक्टोपस रंग बदलून आत आत सरकत असेल तर त्याला काडीने बाहेर काढू नका. पफरफिशला डिवचून फुगवणं हा खेळ नव्हे, त्याचा जीव घाबरा झाल्याचं ते चिन्ह आहे. उलट मोरे ईल तोंडाची उघडझाप करते ती धमकी नसते, ती श्वास घेत असते. तरीही तिच्या कपारीत हात घालू नका. लायनफिश आणि स्कॉर्पियनफिशच्या काट्यांत विष असतं, आणि स्कॉर्पियनफिश खडकासारखाच दिसतो. हात टेकायचा नाही, या नियमात तुमचंही संरक्षण आहे.

फ्लॅशने माशांचे डोळे जातात का, असं अनेकजण विचारतात. समुद्रघोड्यासारख्या तळाशी राहणाऱ्या माशांवर झालेल्या प्रयोगांत फ्लॅशपेक्षा हाताळणीचा त्रास कितीतरी जास्त आढळला. म्हणून फ्लॅश मोजका वापरा, पण ‘जरा इकडे तोंड कर’ म्हणून जीव हलवणं कायमचं सोडा. चांगली चौकट मिळावी म्हणून समुद्रफूल बाजूला सारणं, शिंपला उचलून मोकळ्यावर ठेवणं हेही त्यातच आलं.

यंत्राची निगा

पाण्याखालचे बहुतेक कॅमेरे समुद्र मारत नाही, एक केस मारतो. केसिंगच्या ओ-रिंगवर केस, वाळूचा कण किंवा टॉवेलचा धागा राहिला की पाणी आत शिरतं. केसिंग होडीत, वाऱ्यावर उघडू नका. आदल्या रात्री खोलीत, कोरड्या हातांनी बंद करा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा म्हणजे काच धुरकटणार नाही. नवं केसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय खाली नेऊन आणा. वर आल्यावर गोड्या पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवा, बटणं दाबून आतलं मीठ काढा. साधे अ‍ॅक्शन कॅमेरे केसिंगशिवाय बहुधा १० मीटरपर्यंतच टिकतात. आपला कॅमेरा किती खोलीचा, हे खोक्यावर वाचून मगच उतरा.

यंदाच्या मोसमासाठी मागणं

होडीत चढण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. नांगर खडकावर टाकता की बोयाला दोर बांधता? एका मार्गदर्शकामागे किती माणसं? पाव टाकता का? परतीला किती हवा शिल्लक ठेवता? उत्तरं पटली नाहीत तर पुढच्या फलकाकडे जा. दोनशे-चारशे रुपये जास्त घेऊन कमी माणसं नेणारा आणि तुम्हाला खडकावर उभं न करणारा माणूस सापडला तर त्याचं नाव मित्रांना सांगा. असं वागण्यात धंदा आहे हे दिसलं की बाकीचेही तसे वागतील.

फोटो काढलेत तर ते वाढदिवसाच्या स्टेटसवर संपवू नका. तारीख, ठिकाण, अंदाजे खोली लिहून आय-नॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर टाका. जात ओळखायला जाणकार तिथे मदत करतात. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी हौशी लोकांनी टिपलेल्या अशाच नोंदींतून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हे काम २०१७ पासून उभं राहिलं. कोणत्या खडकावरचा प्रवाळ पांढरा पडला, कुठे नव्या जाळ्याचे तुकडे अडकले, कोणती जात यंदा दिसलीच नाही, हे सांगायला मालवणलाही वर्षानुवर्षांचे तारखेसह फोटो लागणार आहेत. ज्यांना डायव्हिंग जमणार नाही त्यांनी ओहोटीला गुडघाभर पाण्यातले खडक पाहावेत. बरेचसे जीव तिथेही भेटतात आणि त्यासाठी लागतो फक्त मोबाइल आणि न घसरणाऱ्या चपला.

आणि ज्या दिवशी पाणी फारच गढूळ असेल, ओढ जास्त असेल, किंवा तुमचं तुम्हालाच स्थिर वाटत नसेल, त्या दिवशी कॅमेरा होडीवाल्याकडे देऊन उतरा, नाहीतर उतरूच नका. डाईव्ह रद्द केल्याबद्दल कुणी हसलं तर हसू द्या. मोसम मेपर्यंत आहे.